चौदा घरांच्या तेरा जागा

आमच्या इमारतीत चौदा घरं आहेत आणि गाड्या लावायला चौदा जागा आहेत, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. त्यातून मी इमारतीचा सेक्रेटरी आणि वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदाराचा तराजू सुताएवढा कलला तरी मला दारातून कळतं. पण स्वतःच्या अंगणातली एक अख्खी जागा गायब आहे, हे मला कधी दिसलं नाही. परमेश्वर माणसाला दोन डोळे देतो आणि ते कुठे लावायचे हे त्याच्यावर सोपवतो, सगळा घोटाळा तिथेच होतो.

हा घोटाळा बाहेर आला तो एका वायरीमुळे.

तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरात सिस्टर राहतात. घरोघर जाऊन रात्रभर आजारी माणसांच्या उशाशी बसायचं, हे त्यांचं काम. संध्याकाळी सातला निघतात, सकाळी साडेसातला परत. ज्या संस्थेत त्या काम करतात तिने त्यांना एक विजेवर चालणारी छोटी गाडी दिली. दिवसा सिस्टर झोपत आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब काळी वायर खाली लोंबत येऊन त्या गाडीचं पोट भरत असे. मधे दुसऱ्या मजल्यावर दातवाल्या डॉक्टरांची खिडकी. जरा वारा सुटला की वायर डॉक्टरांच्या काचेवर टकटक करी.

"दुपारी जेऊन घटकाभर आडवं व्हावं, तर कोणीतरी दार वाजवतंय!" डॉक्टर बैठकीत म्हणाले. "दोनदा मी 'कोण आहे?' म्हणून विचारलंय. वायरीला!"

"आणि पाऊस आला, कोणाला झटका बसला, तर जबाबदारी कोणाची?" तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. बोलताना ते अजूनही समोरच्याला बाकावर उभं करतात.

वायर बंद करावी, असं ठरलं. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मग सिस्टर उठल्या. रात्रीचं जागरण डोळ्यांत होतं. पर्समधून त्यांनी एक पत्र काढलं.

"वायर काढते मी," त्या म्हणाल्या. "पण संस्थेचं म्हणणं आहे की पुढच्या एक तारखेपर्यंत राहत्या जागी चार्जिंगची रीतसर सोय, निदान मंजूर अर्ज तरी दाखवा, नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला संस्थेची वसाहत आहे, तिथे राहायला या. मी जाईन हो. प्रश्न आईचा आहे."

त्यांची आई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी. आजींना गोष्टी आठवत नाहीत. कालचं, सकाळचं, काही काही तर आत्ताचंही. पण या इमारतीचा जिना त्यांच्या पायांना पाठ आहे. लेक कामावर गेली की कधी कधी त्या दार उघडून निघतात आणि ज्या मजल्यावर पोचतील तिथलं दार वाजवतात. ज्याचं दार असेल तो त्यांना आत घेतो, चहा देतो आणि गप्पा मारत मारत वर पोचवून येतो. ही गोष्ट कधी कुठल्या बैठकीत ठरलेली नाही. वसाहतीतल्या नव्या जिन्यावर आजी निघाल्या तर कोणाचं दार वाजवणार, आणि ते उघडणार कोण?

डॉक्टर स्वतःची नखं बघत होते. आणि तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

"इमारतींमध्ये चार्जिंग बसवायला महापालिका अनुदान देते म्हणे. मी बघतो."

या 'मी बघतो'ने आजवर माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं शत्रूनेही केलं नसतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचे अर्थ मला पाठ झालेत. हा त्यातला 'घरातला नळ गेले दोन महिने गळतोय' असा होता.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या खिडकीपाशी उभा राहिलो. खिडकीत एक बाई होत्या, नाकावर घसरलेला चष्मा, शेजारी गार झालेला चहा. त्यांनी अकरा पानांचा अर्ज माझ्या हाती दिला आणि ज्या पानांवर लोक चुकतात त्यांचे कोपरे स्वतःच्या हाताने दुमडून दिले. सरकारी खिडकीतून एवढी माया बाहेर आलेली मी प्रथमच पाहत होतो.

"हे बघा, तीन गोष्टी," त्या म्हणाल्या. "गाड्यांच्या जागांचा नकाशा, क्रमांकासह. सगळ्या घरमालकांच्या सह्या. सही मालकाचीच हवी, घरातल्या दुसऱ्या कोणाची चालणार नाही. आणि चार्जिंगची जागा वीजखोलीजवळची हवी, सामाईक हवी. कोणाच्या एकट्याच्या मालकीची नको. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता अर्ज बंद होतात. त्याआधी, गुरुवारी मी पाहायला येईन. नकाशाचं माप तेवढं नीट घ्या, लोक फार अंदाजाने काढतात."

"बाई," मी ताठ होत म्हणालो, "मी वजनमापे निरीक्षक आहे."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "मग काळजीच नाही."

पुढच्या सहा दिवसांत हे वाक्य मला रोज आठवलं.

शनिवारी सकाळी मी खात्याचा स्टीलचा टेप, पाटी आणि खडू घेऊन अंगणात उतरलो. मोजणी करणारा माणूस एकटा राहू शकत नाही, हा निसर्गनियम आहे. दहा मिनिटांत तीन मजल्यांवरून सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे फाटकापासून मोजा, कोणी म्हणे भिंतीपासून. मास्तर पायजम्यावर बाहेर येऊन माझ्या पाटीत डोकावले आणि "अक्षर गिचमीड आहे" असा शेरा मारून गेले.

मी मोजलं. तेरा.

टेप गुंडाळला, देवाचं नाव घेतलं आणि उलट्या बाजूने मोजलं. तरी तेराच.

"अहो," बायको चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडली, "तेराच आहेत! मी पण मोजल्या!"

"ओरडू नकोस!" मी ओरडलो.

"मग मान हलवून तेरा सांगू?"

आता जरा विचार करा. बावीस वर्षं चौदा घरांच्या गाड्या तेरा जागांत उभ्या राहतायत. कधी भांडण नाही, कधी फाटकाबाहेर कोणाची गाडी राहिली नाही. यात अडचण कुठे आहे? शहाणा माणूस 'देवाची कृपा' म्हणून टेप खिशात घालून घरी गेला असता. मी मात्र फलकावर कागद लावला: 'प्रत्येकाने आपल्या नावापुढे आपण गाडी कुठे लावतो ते लिहावे.'

संध्याकाळपर्यंत कागद भरला. बारा घरांच्या बारा निरनिराळ्या जागा. आणि वीजखोलीलगतच्या कोपऱ्यातल्या जागेपुढे दोन नावं, नऊ नंबरच्या सिस्टर आणि पाच नंबरचे बसवाले.

बसवाले म्हणजे शहर बसचे चालक. सकाळी सहाला आपल्या जुन्या गाडीने डेपोत जातात, संध्याकाळी साडेसातला येतात. सिस्टर सकाळी साडेसातला येतात, संध्याकाळी सातला जातात. सिस्टरांची सुट्टी रविवारी. बसवाले शनिवारी डेपोतूनच परस्पर बहिणीच्या गावी जातात ते सोमवारी परस्पर कामावर. नऊ वर्षं ही दोन माणसं एकाच जागेवर गाडी लावत होती आणि दोघांनाही ती जागा फक्त आपली वाटत होती. मी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो. एवढं बिनचूक वेळापत्रक कुठल्याही खात्यातल्या माणसाला जमणार नाही. ते वर कोणीतरी बसून, नीट मन लावून आखलेलं होतं.

इथे मी हात जोडून थांबायला हवं होतं. पण अहंकार माणसाला कुठून गाठेल याचा नेम नसतो. मला त्याने पिवळ्या रंगाच्या डब्यातून गाठलं.

त्याचं असं आहे, आमच्या खात्यात ज्या वजनावर खूण नाही ते वजनच नव्हे. वजन कोणाचं, कधी तपासलं, सगळं त्याच्या अंगावर ठोकलेलं हवं. पंचवीस वर्षं खुणा ठोकून ठोकून माझा हात तसाच वळलेला. अर्जात क्रमांक मागितले होते. मी रविवारी उत्तम तैलरंग आणला आणि प्रत्येक जागेवर ज्याची जागा त्याच्या घराचा नंबर हातभर उंचीने रंगवला. चारी बाजूंनी रेघा आखल्या. कोपऱ्यातल्या जागेवर बराच विचार करून 'पाच छेद नऊ' असा अपूर्णांक काढला. तसाच नकाशा कागदावर उतरवला आणि सोमवारी अर्जासोबत देऊनही आलो; सह्यांचं पान तेवढं माझ्याकडे ठेवलं. रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं, 'दहा वर्षे टिकेल.' दुकानदाराने फसवलं असतं तर फार बरं झालं असतं.

सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली आणि त्यांच्या सहा नंबरच्या चौकटीत शिरली. म्हणजे शिरली नाही. एका बाजूने वीतभर बाहेर राहिली, शेजारच्या दोन नंबरात. दोन नंबर मास्तरांचा. मास्तरांकडे बारा वर्षं गाडी नाही. त्या जागेत ते कुंड्या ठेवतात. आजवर डॉक्टरांची गाडी आली की मास्तर स्वतः एक कुंडी पायाने सरकवत असत. आता त्यांनी ती सरकवली नाही.

"डॉक्टर, रेघ दिसते ना?"

"मास्तर, तुमची कुंडी गाडी आहे का?"

"माझ्या जागेत मी काय ठेवायचं ते मी ठरवीन. उद्या मी तिथे खुर्ची टाकून बसेन!"

आणि मंगळवारी ते खरोखरच बसले. डॉक्टर रस्त्यावर गाडी लावून आले ते थेट माझ्या दारात. "रेघ सरकवा," ते म्हणाले, "त्याशिवाय मी सही करणार नाही." डॉक्टर गेले तोच मास्तर आले. "रेघ तसूभर जरी हलली," ते म्हणाले, "तरी माझी सही विसरा."

बाकीच्या घरांचंही तेच. एरवी जागा मिळेल तिथे गाडी घुसवून वर पळणारी माणसं आता खाली उतरून आपापली चौकट पावलांनी मोजू लागली. कोणाच्या रेघेवर दुसऱ्याचं चाक आलं, कोणाच्या नंबरावर कोणी सायकल टेकवली. नवरा वेळेवर पोचणार नसेल तर बायका खाली येऊन त्या चौकटीत उभ्या राहत. जिन्यात माणसं एकमेकांना नमस्कार करीनाशी झाली. सगळ्यांच्या नजरेत एकच माणूस गुन्हेगार. तो मी. रंगाचा डबा अजून माझ्याच गॅलरीत होता.

"चांगलं चाललं होतं हो," बायको म्हणाली. ती ओरडून बोलली असती तर मला इतकं लागलं नसतं.

त्या आठवड्यात एकच गोष्ट चांगली घडली. मंगळवारी सिस्टर मुद्दाम अर्धा तास उशिरा निघाल्या आणि बसवाले आले तेव्हा कोपऱ्यात उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आली.

"जागा तुमची आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही माझ्या आधी राहायला आलात."

"छे हो, सिस्टर! मी रात्री कुठेही लावतो. तुम्ही दमून येता सकाळी." बसवाले टोपी हातात घेऊन उभे होते. "एक विचारू? या कोपऱ्यात वाऱ्याने सगळा पाचोळा येतो. पण मी येतो तेव्हा जागा झाडलेली असते. मला वाटायचं, महापालिकेचा माणूस येत असेल."

"मीच झाडते. निघताना. आणि सकाळी मी येते तेव्हा फाटक उघडं असतं, ते कोण ठेवतं?"

"मी. म्हटलं, रात्रभर जागून कोणीतरी येत असेल."

बसवाल्यांनी त्याच रात्री सही दिली. बुधवारपर्यंत बाकीच्याही आल्या, कुरकुरत का होईना. सिस्टरांच्या घरची सही काय, कधीही मिळणार, म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. अडून बसले होते डॉक्टर आणि मास्तर.

गुरुवारी अकरा वाजता खिडकीवरच्या बाई आल्या. त्या खिडकीबाहेर असू शकतात हे पाहूनच मला जरा चमत्कारिक वाटलं. त्यांनी अंगणात एक चक्कर मारली, नकाशा पाहिला, जमिनीकडे पाहिलं, पुन्हा नकाशा पाहिला.

"माप उत्तम घेतलंय," त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. "आता सामाईक जागा दाखवा."

"ही काय," मी सिस्टरांच्या गाडीपुढच्या अपूर्णांकाकडे बोट केलं. "दोन घरांची मिळून आहे."

"ती दोघांची खासगी झाली हो. सामाईक म्हणजे सगळ्यांची. इथे तर एकही जागा सगळ्यांची दिसत नाही. प्रत्येकावर घराचा नंबर आहे."

"अर्जातच क्रमांक मागितले होते ना!"

"जागांचे क्रमांक. एक, दोन, तीन. घरांचे कोणी मागितले?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "आधी इथे काय पद्धत होती? कोणाची कुठली जागा, असं कागदोपत्री काही?"

"काहीच नव्हतं. ज्याला जिथे सवय तिथे."

"म्हणजे सगळ्याच जागा सामाईक होत्या," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचं काम झालेलंच होतं की."

दुकानदाराच्या तराजूत दोष सापडला की तो बिचारा ज्या तोंडाने माझ्याकडे बघतो, ते तोंड आता मला लागलं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"मला याच बाजूला आणखी दोन इमारती पाहायच्या आहेत. चारला परत येते. जमिनीवर जे दिसेल ते मी लिहीन. नंबर दिसले तर नंबर, नाही दिसले तर नाही. सह्या मात्र पुऱ्या हव्यात."

चार वाजायला पाच तास होते. तेरा जागा होत्या, आणि दहा वर्षं टिकणारा रंग. सिस्टर वर झोपल्या होत्या आणि त्यांना उठवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी तारेचा ब्रश आणला, गुडघ्यांवर बसलो आणि माझ्याच चौदा नंबरापासून घासायला लागलो. अर्ध्या तासात माझ्या डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला, पण चौदातला 'एक' जेमतेम पुसट झाला. बायको रॉकेलची बाटली आणि फडकी घेऊन खाली आली आणि शेजारच्या तेरावर बसली. संसाराची व्याख्या कोणी विचारली तर मी ती फडक्याची मूठ दाखवीन.

साडेबाराच्या सुमाराला माझ्या हातावर सावली पडली. आजी उभ्या होत्या. नीट विंचरलेले केस, उलटा घातलेला स्वेटर.

"काय हरवलं हो तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी इतका दमलो होतो की खरं ते बोलून गेलो. "बरंच काही, आजी."

"असं होय!" त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "सापडेल हो. माझंही रोज काही ना काही हरवतं. घाबरायचं नाही." त्या वाकून जमिनीवर शोधायला लागल्या. दोन-चार जागा पाहून झाल्या, काही मिळालं नाही, तेव्हा कंबर धरून उठल्या. "एकट्याने नाही व्हायचं हे. थांबा, मी माणसं आणते."

आणि त्या जिना चढून गेल्या. वरून एकेक दार वाजल्याचा आवाज येत राहिला, आणि दरवेळी आजींचं तेच वाक्य. "अहो, खाली आपल्या सेक्रेटरींचं काहीतरी हरवलंय. रडकुंडीला आलेत बिचारे. चला शोधायला."

मी रडकुंडीला आलेलो नव्हतो. नोंद असावी.

प्रथम मास्तर आले, चष्मा पुसत. मग पहिल्या मजल्यावरच्या दोघी-तिघी. मग दुपारच्या जेवणाला घरी आलेले दातवाले डॉक्टर, अंगात अजून पांढरा कोट.

"काय हरवलं?" डॉक्टरांनी विचारलं. "चष्मा? किल्ली?"

आजी डॉक्टरांचा हात धरून उभ्या होत्या, तो त्यांनी सोडलेला नव्हता. मी ब्रश खाली ठेवला.

"डॉक्टर, चारच्या आत हे नंबर गेले नाहीत, तर एक तारखेला या इथून जातील," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मोजायला गेलो आणि सगळं वाटून बसलो. तुम्ही सही नका करू हवं तर, पण तेवढं बाजूला व्हा, तुम्ही सहावर उभे आहात."

डॉक्टरांनी पायाखाली पाहिलं. मग आजींकडे. आजींनी त्यांच्याकडे पाहून तोंडभर हसून म्हटलं, "सापडलं का तुम्हाला?"

डॉक्टर जिन्याकडे वळले. गेले बापडे, असं मला वाटलं. पाच मिनिटांनी ते परतले ते एक चामडी पेटी घेऊन. पेटी उघडून त्यांनी आपल्या जुन्या हत्यारांतलं एक वाकड्या टोकाचं उचललं, पांढऱ्या कोटासकट सहावर मांडी घातली आणि कडेपासून रंग खरवडायला सुरुवात केली. रंगाची सालपटं निघाली.

"दातांवरची कीट यापेक्षा चिवट असते," ते म्हणाले. "ब्रशाने काय होतंय? आधी कडा सोडवायची. मास्तर, बघत काय उभे राहिलात? तुमचा दोन आणि मधली रेघ, घ्या."

"मला शिकवू नका," मास्तर म्हणाले, आणि हात पुढे केला. "ते छोटं द्या. माझा हात हलका आहे."

डॉक्टरांचा दवाखाना त्या दुपारी उघडला नाही. तीन रुग्ण फाटकापर्यंत चौकशी करत आले. त्यातला एक गाल धरून दहा मिनिटं उभा राहिला, मग म्हणाला, "ठणका जरा कमी वाटतोय," आणि फडकं घेऊन बाराला भिडला. मास्तरांनी मधली रेघ काढताना एक कुंडी उचलून जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली. वीतभराची कुंडी. डॉक्टरांनी पाहिलं, पण मान वर केली नाही.

साडेतीनला सिस्टर उठून खाली आल्या. सगळी इमारत जमिनीवर बसलेली आणि मधे त्यांची आई प्रत्येकाला "मिळेल, मिळेल" असा धीर देत फिरतेय, हे दृश्य पाहून त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि स्वतःच्या अपूर्णांकातला नऊ स्वतः पुसला. पाच बायकोने पुसला, बसवाल्यांच्या वतीने.

बरोबर चारला बाई आल्या. जमिनीवर पिवळसर ढग होते, पण नंबर एकही नव्हता. बाईंनी सावकाश चक्कर मारली. एके ठिकाणी थांबून वाकल्या.

"इथे काय होतं?"

"काही नाही," डॉक्टर पटकन म्हणाले. "आम्ही इथली जमीन साफ करतो. नेहमीच."

"हत्यारं चांगली आहेत," बाई म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. नवा साधा नकाशा मी पाचव्या मिनिटाला काढून दिला. एक ते तेरा, बस्स. डॉक्टरांनी फाटकाच्या खांबावर कागद ठेवून सही केली. मास्तरांनी त्याखाली, डॉक्टरांच्या अक्षराला नाक मुरडून.

"आणि नऊ नंबर?" बाईंनी यादी पाहिली. "मालकीण..." त्यांनी आजींचं नाव वाचलं.

घर आजींच्या नावावर आहे, हे आम्ही साफ विसरलो होतो.

"आईने दोन वर्षांत सही केलेली नाही," सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटल्या. "पेन दिलं की नुसती बघत बसते. मागे बँकेच्या कागदांच्या वेळी रडली होती, जमेना म्हणून."

पण बाईंनी आजींना खुर्ची दिली होती. मास्तरांची खुर्ची. कागद फळीवर लावून त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

"कसला कागद हा?" आजींनी विचारलं.

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. अनुदान, वीजखोली, सामाईक, माझ्याकडे शब्द खूप होते. त्यातला एकही कामाचा नव्हता.

"तुम्ही इथेच राहणार, असा कागद आहे, आजी," मी म्हणालो.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे, मास्तरांकडे, आपल्या लेकीकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे?" त्या म्हणाल्या. "मी कुठे जाणार होते?"

डॉक्टर एकदम पेटी आवरायला लागले. आजींनी मान हलवली, या लोकांना काही कळत नाही अशी, आणि पेन घेतलं. वळणदार, मोठ्या अक्षरांत, नावाखाली रेघ ओढून त्यांनी सही केली.

मी कागद पाहिला. सही मालकांच्या रकान्यात नव्हती. पानाच्या तळाशी, 'स्थळपाहणी केली, सर्व योग्य आढळले' असं छापलेलं असतं त्याच्या पुढे, अधिकाऱ्याच्या जागेवर होती. आणि अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'खाडाखोड केलेले अर्ज बाद होतील.'

बाईंनी कागद हातात घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आजींकडे पाहिलं. आजी पेन धरून पुढच्या हुकमाची वाट पाहत होत्या.

"पाहणी यांनीच केली आहे," बाई म्हणाल्या. "घरोघर जाऊन." आणि आजींच्या सहीला धक्का न लावता तिच्या शेजारी उरलेल्या बोटभर जागेत त्यांनी आपली सही बारीक अक्षरांत बसवली. मग पान वर सरकवून नऊ नंबरचा रकाना आजींपुढे धरला. "आता इथे, आजी. आणखी एक."

"करते की," आजी पदराने पेनाचं टोक पुसत म्हणाल्या. "अजून कोणाकोणाच्या राहिल्यात? आणा इकडे."